ड्रॅग शर्यतीतील तांत्रिक तपासणी

ड्रॅग शर्यतीतील तांत्रिक तपासणी म्हणजे सरळ धावपट्टीवरील वेगशर्यतीत उतरणारे वाहन सुरक्षित आहे का, आणि ज्या गटात त्याची नोंद झाली आहे त्या गटाच्या नियमांत ते बसते का, हे ठरवण्याची प्रक्रिया होय. भारतीय मोटरक्रीडेत या प्रक्रियेला 'स्क्रूटिनी' आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्याला 'स्क्रूटिनिअर' म्हणतात. दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर सोडवले जात असले, तरी त्यांची जात वेगळी आहे. हेल्मेटचा पट्टा तुटला असेल तर तो डोळ्यांनी दिसतो. सिलिंडरचा व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढवलेला असेल तर इंजिन उघडल्याखेरीज तो सहसा कळत नाही. त्यामुळे हौशी शर्यतींत पहिली तपासणी करणे तुलनेने सोपे असते, तर दुसरी बऱ्याच अंशी स्पर्धकाच्या शब्दावर चालते. नियमांना बगल देण्याचे बहुतेक प्रकार या दुसऱ्या तपासणीच्या फटीतून जन्मतात.

पार्श्वभूमी

ड्रॅग शर्यतीत दोन वाहने स्थिर अवस्थेतून निघून सरळ रेषेत ठरावीक अंतर कापतात. पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर असते. अमेरिकेत रस्त्यांवर आणि सोडून दिलेल्या विमानतळांवर चालणाऱ्या अशा शर्यतींना शिस्त लावण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली. रस्त्यावरची शर्यत बंदिस्त धावपट्टीवर आणायची, तर वाहन तपासल्याशिवाय सोडायचे नाही, ही अट तेव्हापासून या खेळाचा भाग झाली.

भारतात मोटरक्रीडेचे नियमन चेन्नई येथे मुख्यालय असलेला फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया हा महासंघ करतो. महासंघाच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धेत स्पर्धकाला परवाना लागतो आणि त्या स्पर्धेपुरती स्वतंत्र पूरक नियमावली प्रसिद्ध केली जाते.

पुणे शहरात ड्रॅग शर्यतीसाठी बांधलेली कायमस्वरूपी धावपट्टी नाही. जिल्ह्यातील या खेळाचे परिचित ठिकाण म्हणजे मुळशी तालुक्यातील ॲम्बी व्हॅली येथील विमान-धावपट्टी. २०१० च्या दशकात तेथे 'व्हॅली रन' या नावाने शर्यती भरू लागल्या. शहराचा या खेळाशी असलेला संबंध मात्र धावपट्टीपुरता नाही. आकुर्डी आणि चाकण येथील वाहनउद्योग, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आणि नाना पेठेतील दुचाकींच्या सुट्या भागांची बाजारपेठ, यांमुळे इंजिन उघडून पुन्हा बसवू शकणाऱ्या हातांची येथे कधी वाण नव्हती. तपासनीस आणि तपासणी चुकवू पाहणारा, दोघेही याच कारागिरीत तयार होतात.

सरळ रेषेत घड्याळाविरुद्ध धावणे पुणे जिल्ह्याला मोटारींच्या आधीपासून ठाऊक आहे. खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतील घाटांत बैलगाडे सेकंदांच्या हिशेबाने पळवले जातात. बंदीनंतर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना पुन्हा परवानगी दिली, तेव्हा पशुवैद्यकीय तपासणी आणि काठी, चाबूक व विजेचा झटका देणारी साधने यांवरील बंदी या अटी त्यांच्या केंद्रस्थानी होत्या. धावणारा बैल असो की यंत्र, धावण्यापूर्वीची तपासणी हाच तेथेही परवानगीचा आधार आहे.

सुरक्षा तपासणी

वाहन रांगेत आल्यावर प्रथम ब्रेक, टायर, चाकांचे नट, तेलाची व कूलंटची गळती, बॅटरीची पकड आणि थ्रॉटल सोडल्यावर तो आपोआप मिटतो की नाही, हे पाहिले जाते. दुचाकीवर चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला दोरीने जोडलेला इंजिन बंद करणारा स्विच तपासतात. चालक पडल्यास दोरी ओढली जाऊन इंजिन थांबते. गळतीकडे विशेष लक्ष दिले जाते, कारण धावपट्टीवर सांडलेले तेल दोषी वाहनापेक्षा त्याच्या मागून येणाऱ्याला अधिक धोक्याचे असते. ताशी २०० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ५६ मीटर. शर्यतीची रेषा ओलांडल्यावर थांबण्यासाठी उरलेले अंतर त्यामुळे फार लवकर संपते.

अमेरिकी नियमांत सुरक्षा साधनांची सक्ती वाहनाच्या वेळेशी जोडलेली आहे. परंपरेने पाव मैल ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळेत कापणाऱ्या मोटारीला रोल बार आणि ९.९९ सेकंदांच्या आत येणारीला पूर्ण रोल केज लागतो. मूळ स्थितीतील नव्या मोटारींना यात नंतर सवलत मिळाली. या जोडणीचा एक उलटा परिणाम होतो. केज बसवण्याचा खर्च टाळण्यासाठी काही चालक आपली खरी वेळ सांगत नाहीत आणि सरावात शेवटच्या टप्प्यात थ्रॉटल सोडून वेळ मुद्दाम वाढवतात. ही लबाडी स्पर्धकाविरुद्ध नसून स्वतःच्या मानेविरुद्ध असते.

तपासणी उत्तीर्ण झालेल्या वाहनावर स्टिकर लावला जातो. स्टिकर वाहनाला मिळतो, पण हेल्मेट आणि सूट माणसाबरोबर फिरतात. एकच चांगले हेल्मेट तीन मित्रांनी पाळीपाळीने टेबलावर दाखवायचे आणि धावताना ज्याचे त्याने घालायचे, हा हौशी शर्यतींतील सर्वांत साधा व सर्वांत धोकादायक प्रकार होय. म्हणून हेल्मेटवर स्वतंत्र खूण करण्याची आणि सुरुवातीच्या रेषेजवळ ती पुन्हा पाहण्याची पद्धत आहे.

गट आणि इंजिनाचे मोजमाप

दुचाकींचे गट प्रामुख्याने टू-स्ट्रोक व फोर-स्ट्रोक हा भेद आणि इंजिनाची घनक्षमता यांवर पाडले जातात. दुरुस्ती कोठे संपते आणि फसवणूक कोठे सुरू होते, हे ठरवणे येथे सर्वांत अवघड जाते.

भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेली यामाहा आरएक्स १०० ही दुचाकी याचे उत्तम उदाहरण आहे. हिच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर असल्याने घनक्षमता सुमारे ९८.२ घन सेंटिमीटर भरते. सिलिंडर झिजला की बोअर करून मोठा पिस्टन बसवतात. हे कोणत्याही गॅरेजमधील नेहमीचे काम आहे. पाव मिलिमीटर वाढीव पिस्टन टाकल्यास क्षमता ९९.२ होते. पुढच्या खेपेस अर्धा मिलिमीटर वाढीव पिस्टन बसला की ती १००.१ च्या पुढे जाते. एखाद्या गटाची मर्यादा काटेकोर १०० असेल आणि नियमावलीत बोअरसाठी सवलत दिलेली नसेल, तर हीच गाडी कोणाच्याही मनात पाप नसताना गटाबाहेर पडते. याच घराण्यातील आरएक्स १३५ चा स्ट्रोकही ५० मिलिमीटरच आहे; व्यास मात्र ५८ असल्याने क्षमता १३२ घन सेंटिमीटर होते. त्यामुळे 'झिजला म्हणून बोअर केला' हे स्पष्टीकरण कोठवर मान्य करायचे, हे नियमावलीत आकड्यांनिशी लिहिलेले असावे लागते. 'मूळ स्थितीतील इंजिन' अशी मोघम शब्दरचना असलेली नियमावली वादाला स्वतःहून आमंत्रण देते.

क्षमता मोजण्याची खात्रीची रीत म्हणजे हेड काढून बोअर गेजने व्यास आणि डेप्थ गेजने पिस्टनची वर-खाली हालचाल मोजणे. कॉम्प्रेशन रेशो काढायचा झाल्यास ब्युरेटमधून द्रव सोडून ज्वलनकक्षाचे आकारमान मोजतात. स्पार्क प्लगच्या छिद्रातून हवेच्या साहाय्याने क्षमतेचा अंदाज देणारी उपकरणेही आहेत. परंतु दिवसभरात अनेक गाड्या धावणार असतील तर प्रत्येक हेड काढणे अशक्य असते. म्हणून साधारणतः विजेत्यांची गाडी उघडली जाते, तीही शर्यत संपल्यावर. टू-स्ट्रोक इंजिनातील पोर्टिंग, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतील वायुमार्गांची उंची व आकार बदलणे, याहून अवघड असते. क्षमता तीच राहते, कानस मात्र काम करून गेलेली असते. पोर्टची उंची मूळ मापाशी ताडून पाहण्यासाठी त्याच मॉडेलचा न छेडलेला सिलिंडर हाताशी असावा लागतो, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत तो मिळणे दुर्मीळ झाले आहे.

इंधन आणि इलेक्ट्रॉनिक्स

इंधनात ऑक्सिजनयुक्त द्रव्ये मिसळून शक्ती वाढवता येते. ती ओळखण्यासाठी नमुन्याची विशिष्ट घनता आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक तपासतात. शुद्ध पेट्रोलचा हा स्थिरांक २ च्या आसपास, तर इथेनॉलचा सुमारे २४ असतो. त्यामुळे थोडेसे मिश्रणही मीटरवर उमटते. भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण आल्यापासून पंपावरचे साधे पेट्रोलदेखील या मीटरवर जुन्या मापाने संशयित ठरते. म्हणूनच तुलना पुस्तकातील आकड्याशी न करता, आयोजकांनी ठरवून दिलेल्या पंपावरील त्याच दिवसाच्या नमुन्याशी करणे आवश्यक असते.

फ्युएल इंजेक्शन असलेल्या वाहनांत बदल धातूत नसून ईसीयूमधील मॅपमध्ये असतो. एका स्विचने किंवा ठरावीक क्रमाने बटणे दाबल्यावर दुसरा मॅप सुरू होईल अशी सोय करता येते. तपासणीच्या टेबलावर वाहन निरुपद्रवी वागते. मान्य ईसीयू सील करणे किंवा सर्वांना एकाच प्रकारचे युनिट देणे हे उपाय व्यावसायिक स्पर्धांत परवडतात. हौशी स्पर्धांत अनेकदा 'ओपन' गट निर्माण करून हा प्रश्नच निकालात काढला जातो.

वेळेशी खेळ

इंजिन मोजण्याच्या कटकटीतून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे ब्रॅकेट शर्यत. यात चालक आपली अपेक्षित वेळ आधी जाहीर करतो. एकाने १४.२० आणि दुसऱ्याने १२.५० सेकंद सांगितले, तर संथ वाहनाला १.७० सेकंद आधी हिरवा दिवा मिळतो. जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचणारा सामान्यतः बाद होतो, त्यामुळे छुप्या शक्तीला येथे फारशी किंमत उरत नाही. मग लबाडीचे ठिकाण बदलते. संथ वेळ जाहीर करून शेवटच्या काही मीटरांत ब्रेक लावत प्रतिस्पर्ध्याच्या जेमतेम पुढे राहणे नियमात बसते आणि त्याला कौशल्यच मानले जाते. तेच काम छुपा टायमर किंवा प्रतिस्पर्ध्याचे अंतर दाखवणारे यंत्र करत असेल तर ते निषिद्ध आहे. सुरुवातीच्या रेषेवरील प्रकाशकिरण पुढच्या टायरने तुटणे अपेक्षित असते. तो टायरऐवजी खाली लोंबणाऱ्या भागाने तुटत राहिला, तर घड्याळ सुरू होण्यापूर्वी वाहनाला काही सेंटिमीटर फुकट मिळतात. तपासनीस त्यासाठी वाहनाच्या पुढच्या भागाची जमिनीपासूनची उंची मोजतात.

तक्रार आणि शिक्षा

शर्यतीनंतर अव्वल वाहने 'पार्क फर्मे' या बंदिस्त जागेत ठेवली जातात. तेथे मालकालाही हात लावता येत नाही. आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेनुसार तात्पुरता निकाल लागल्यापासून साधारणपणे ३० मिनिटांत लेखी तक्रार करता येते. तक्रारीसोबत शुल्क भरावे लागते आणि इंजिन उघडायचे असल्यास त्याच्या खर्चाची अनामतही. आरोप खरा ठरला तर तक्रारदाराचे पैसे परत मिळतात. खोटा ठरला तर खर्च त्याच्या माथी पडतो. ही तरतूद खोडसाळ तक्रारी रोखते, परंतु बेताच्या पैशांत शर्यतीला आलेल्या स्पर्धकाचे तोंडही बंद करते. आठवड्याभराने त्याच गॅरेजमध्ये, त्याच मंडळींत वावरायचे असल्याने अनेक संशय लेखी होतच नाहीत.

रस्त्यावरील कायदा

हौशी स्पर्धकाचे वाहन बहुधा नोंदणीकृत असते आणि शर्यतीनंतर तेच घरी चालवत नेले जाते. धावपट्टीवर वैध ठरलेला बदल रस्त्यावर मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली बेकायदेशीर ठरू शकतो. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारा बदल करता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा असून पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्ही शिक्षा एकत्रही देता येतात. स्क्रूटिनीचा स्टिकर यापैकी कोणत्याही कलमातून सूट देत नाही. त्यामुळे मोठे बदल केलेले वाहन टेम्पोत किंवा ट्रेलरवर चढवून धावपट्टीपर्यंत नेले जाते.