नृत्याचा अधःस्तर : चॉली ॲटकिन्स यांची गायननृत्यरचना

एखादा समाज आपली भाषा टाकून दुसरी स्वीकारतो, तेव्हा त्याची मूळ भाषा सर्वस्वी नष्ट होतेच असे नाही. शब्द जातात, प्रत्यय जातात. परंतु आघात, सूर आणि वाक्याची ठेवण ही पुष्कळदा नव्या भाषेच्या पोटात टिकून राहतात. या अवशेषास भाषाशास्त्रात अधःस्तर असे म्हणतात. मराठीतील द्राविडी अंशांची चर्चा आपल्याकडे याच संज्ञेच्या आधारे होत आलेली आहे. नृत्यप्रकाराच्या बाबतीतही असे काही घडू शकते काय, हा प्रश्न अमेरिकन नर्तक चॉली ॲटकिन्स यांच्या कारकीर्दीच्या अनुषंगाने येथे तपासावयाचा आहे.

टॅप हे मूलतः ऐकावयाचे नृत्य होय. बुटांच्या तळांना बसविलेल्या धातूच्या पट्ट्या जमिनीवर आपटून नर्तक लय उमटवितो. आपल्या कथक नर्तकाची घुंगरे जे कार्य करतात, तेच येथे त्या पट्ट्या करतात. आफ्रिकी लयपरंपरा आणि आयर्लंड-इंग्लंडमधील लोकनृत्ये यांच्या संकरातून हा प्रकार अमेरिकेत उदयास आला. ॲटकिन्स यांचा जन्म 1913 साली अलाबामातील प्रॅट सिटी येथे झाला व बालपण न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरी गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी हॉनी कोल्स यांच्यासमवेत जोडी जमविली. अतिशय संथ लयीत, जराही तोल ढळू न देता केलेले त्यांचे नृत्य जाणकारांत विशेष नावाजले गेले. द्रुत लयीत चूक झाकली जाते. संथ लयीत मात्र प्रत्येक आघात उघडा पडतो. त्यांचे कौशल्य यावरून ध्यानी यावे.

परंतु ही जोडी जमली तोच टॅपचे दिवस फिरले. 1943 च्या ‘ओक्लाहोमा!’ या संगीतिकेनंतर ब्रॉडवेच्या रंगभूमीवर बॅले नृत्याचे वर्चस्व वाढले. 1944 मध्ये नृत्यगायन असणाऱ्या उपाहारगृहांवर जबर संघीय कर बसला. आणि ज्या मोठ्या वाद्यवृंदांबरोबर टॅप नर्तक गावोगाव हिंडत, ते वाद्यवृंदच मोडू लागले. कलावंत तेच, कौशल्य तेच. केवळ त्या कौशल्यास ग्राहक उरला नाही.

अशा वेळी, 1950 नंतरच्या दशकात, ॲटकिन्स तरुण गायकसमूहांना रंगमंचावरील हालचाली शिकवू लागले. कॅडिलॅक्स हा त्यांच्या आरंभीच्या शिष्यसमूहांपैकी एक. पुढे 1965 च्या सुमारास डेट्रॉइट येथील मोटाउन या ध्वनिमुद्रण संस्थेच्या कलावंत-प्रशिक्षण विभागात ते दाखल झाले. तेथे सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स इत्यादी समूहांच्या हालचाली त्यांनी बसविल्या. या कार्यास ते स्वतः ज्या संज्ञेने संबोधीत, तिला आपण ‘गायननृत्यरचना’ म्हणू.

या रचनेचे मर्म तिच्यावरील बंधनांत आहे. गायकाचा दम तुटता कामा नये, आणि ओळ सुरू होण्याच्या क्षणी त्याचे तोंड ध्वनिक्षेपकाजवळ असावयास हवे. यास्तव मोठी गिरकी वा लांब पदन्यास दोन ओळींमधील मोकळ्या जागेत बसवावा लागे, आणि ओळ चालू असता खांदा, हात व पाऊल यांची लहान हालचाल पुरे होई. हातवाऱ्यांनी शब्दांचा अर्थ अभिनीत करण्यावर त्यांचा भर नव्हता. त्यांच्या हालचाली वाक्यातील विरामचिन्हांप्रमाणे कार्य करतात; त्या अर्थ सांगत नाहीत, अर्थाची मांडणी सांगतात. गळ्याची लय एक आणि पायांची लय दुसरी, ही टॅपमधली जुनी शिस्त येथे कामी आली. आवाज गेला, पट्ट्या गेल्या. आघातांची व्यवस्था मात्र राहिली.

तथापि अधःस्तराची ही उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. भाषेतील अधःस्तर पिढ्यान्‌पिढ्या, नकळत साचतो; येथे एका व्यक्तीने जाणूनबुजून हे संक्रमण घडवून आणले. भाषेला कर्ता नसतो, नृत्यरचनेला असतो. आणि नेमके ते कर्तृत्वच येथे सहज पुसले जाते. 1949 च्या ‘जेंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’ या संगीतिकेतील आपले नृत्य आपण उभयतांनी एका संगीतकाराच्या साहाय्याने रचले. श्रेय मात्र मुख्य नृत्यदिग्दर्शिका ॲग्नेस डी मिल यांच्या नावे लागले, आणि तेच नृत्य अन्यत्र करण्यासाठी आपल्याला त्यांची अनुमती घ्यावी लागली, असे कोल्स यांनी नमूद केले आहे. मोटाउनच्या काळातही प्रेक्षकांनी गायकांना ओळखले, त्यांच्या पावलांच्या कर्त्याला क्वचितच. जी विद्या लिपिबद्ध न होता देहाकडून देहाकडे जाते, तिच्या कर्त्याचे नाव वाटेत गळून पडते. आपल्याकडील तमाशा व लावणी यांच्या अभ्यासकास हा अनुभव अपरिचित नसावा.

ॲटकिन्स यांना 1989 साली ‘ब्लॅक अँड ब्लू’ या प्रयोगाच्या नृत्यरचनेबद्दल अन्य तिघांसह टोनी पारितोषिक मिळाले. 2001 मध्ये जॅकी मलोन यांच्या सहकार्याने लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, आणि 2003 मध्ये त्यांचे निधन झाले. आत्मचरित्रामुळे बरेच काही नोंदले गेले, हे खरे. परंतु प्रयोगजीवी कलांच्या अभ्यासकाने कलावंताच्या उतारवयाची वाट पाहणे इष्ट नव्हे. अमुक कला लोपली असे विधान करण्यापूर्वी, ती कोणत्या नव्या रूपाच्या तळाशी वावरत आहे आणि तिला तेथवर कोणी आणून पोचविले, हे दोन्ही प्रश्न विचारले गेले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर रूपाच्या विश्लेषणातून मिळू शकेल. दुसऱ्याचे मात्र माणसे हयात असतानाच मिळवावे लागते.