हातावर पुरळ, तोंडात फोड

दोस्तांनो, रोवणीचे दिवस आले की मूलच्या आसपासची गावं सकाळीच रिकामी होतात. आई-बाबा धानाच्या बांधीत, चिखलात उभे. मग शाळा सुटल्यावर घरी धाकट्याला सांभाळायचं कोणी? तुम्हीच! पाचवीतल्या ताईनं, नाहीतर सातवीतल्या दादानं.

आणि नेमकं अशाच दिवसांत धाकट्याचं अंग तापतं. घास पुढे केला की तो रडतो. तोंडात पाहावं तर जिभेवर, गालाच्या आत लाल फोड! एक-दोन दिवसांत तळहातांवर, तळपायांवर, कधी ढुंगणावरही पुरळ येतं. शेजारची आजी म्हणते, "माता आली." दुसरं कुणी म्हणतं, "गोठ्यातल्या बैलाचं खुरकूत लागलं पोराला!"

खरं काय आहे? दोन्ही नाही! हा आहे हात-पाय-तोंडाचा आजार. इंग्रजी नाव 'हँड, फूट अँड माउथ डिसीज'. बैलांच्या लाळ्या-खुरकुताचं इंग्रजी नावही जवळजवळ असंच आहे, म्हणून घोटाळा होतो. पण बैलाचा विषाणू वेगळा, पोराचा वेगळा. हा आजार गोठ्यातून येत नाही. तो एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे जातो.

या आजाराच्या विषाणूंपैकी एकाच्या नावाची गंमत ऐका. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी कॉक्सॅकी नावाचं छोटं गाव आहे. १९४८ साली गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स हे शास्त्रज्ञ पोलिओच्या विषाणूचा शोध घेत होते. तिथल्या मुलांच्या नमुन्यांत त्यांना भलताच विषाणू सापडला. गावावरून त्याचं नाव पडलं 'कॉक्सॅकी'! आपल्या देशात २००३ साली केरळात कालिकतला या आजाराची साथ आली. २००५-०६ मध्ये आपल्या नागपुरातही रुग्ण आढळले. २०२२ साली केरळात 'टोमॅटो ताप' म्हणून जो गाजला, तोही बहुधा याच आजाराचा प्रकार होता. पाच वर्षांखालच्या मुलांना तो जास्त होतो.

आता महत्त्वाचं. यावर औषध काय? विषाणूला मारणारं औषध नाही! अँटिबायोटिक गोळ्या जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. साधारण सात ते दहा दिवसांत शरीर स्वतःच विषाणूला हरवतं. मग उपचार म्हणजे काय? तेवढे दिवस बाळाला जपणं. खरा धोका फोडांचा नसतो, तर न पिण्याचा असतो. तोंड दुखतं म्हणून मूल पाणी पीत नाही आणि अंगातलं पाणी कमी होतं. म्हणून या आजारात सगळ्यात मोठं काम वाटी-चमच्याचं, आणि ते तुम्हाला जमतं!

माठातलं गार पाणी, गार केलेलं दूध, भाताची थंड पेज, कुस्करलेलं केळं द्या. दर थोड्या वेळानं दोन-चार चमचे पाजा. एकदम पेलाभर पाजायचा हट्ट नको. तिखट, खारट, गरम काही नको. लिंबू, संत्रं, आंबट ताकही नको, ते फोडांना झोंबतं. बाळ अंगावर पीत असेल तर आईचं दूध चालूच ठेवायचं.

पहिल्याच दिवशी बाळाला दवाखान्यात दाखवायला आई-बाबांना सांगा. कांजिण्याही अशाच दिसू शकतात, त्यामुळे ओळखायचं काम डॉक्टरांचं. तापासाठी ते वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देतात. आपल्या मनानं गोळी द्यायची नाही, आणि मुलांना अॅस्पिरिन तर मुळीच नाही. फोड फोडू नका. आंघोळ बंद करायची गरज नाही.

आता ही लक्षणं पाठ करून ठेवा. सहा-आठ तास लघवी झाली नाही, ताप तीन दिवसांनंतरही उतरला नाही, वारंवार उलट्या, झोपेत दचकून झटके, चालताना तोल जाणं, धाप लागणं, किंवा हाक मारली तरी बाळ सुस्त पडून राहणं. यातलं एक जरी दिसलं तरी उद्यावर ढकलू नका. शेतावर निरोप धाडा, आशाताईंना बोलवा, १०८ ला फोन करा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर लक्षणांची वाटच पाहायची नाही, लगेच दवाखाना.

आणि साबण! थुंकी, शेंबूड, फोडांतलं पाणी, शी, या सगळ्यांतून हा विषाणू पसरतो. बाळ बरं झाल्यावरही काही आठवडे तो शीमधून येत राहतो. म्हणून शी धुतल्यावर आणि खायला देण्याआधी साबणानं हात चोळून धुवायचे. पेला, चमचा, टॉवेल वेगळा. ताप जाऊन फोड सुकेपर्यंत त्याला अंगणवाडीत पाठवायचं नाही.

एखाद्या बाळाची नखं काही आठवड्यांनी गळतात. घाबरू नका बरं का, नवी येतात!

रोवणी आईला सोडता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण संध्याकाळी ती चिखलाचे पाय धुऊन घरात आली की पहिलं विचारेल, "काही प्यायला का गं तो?" त्या वेळी तुम्हाला मोजून सांगता यायला हवं: इतक्या वाट्या प्यायला, इतक्या वेळा लघवी झाली. डॉक्टरही हेच विचारतात. ठेवाल ना हिशेब?