आपले पाऊल, आपला नेम

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराचा गड्डा भरतो. तिथे फुगे फोडायला छऱ्याची बंदूक हाती घेतली, की आपण आधी पाय रोवतो आणि मगच चाप ओढतो. पण समजा, पाय रोवायची सोयच नसली तर?

रोबोकोड या खेळात हीच पंचाईत होते. मॅथ्यू नेल्सन यांचा हा खेळ २००१ साली आयबीएम कंपनीने लोकांपुढे आणला. यात मुले जावा भाषेत आज्ञा लिहून संगणकाच्या पडद्यावर रणगाडा सोडतात आणि मग नुसती पाहत बसतात. उभा राहिला तो मेला, म्हणून रणगाडा सतत पळता ठेवायचा. नवशिका शत्रूच्या वेगाचा हिशेब चोख करतो, तरी गोळा हुकतो. बिचारा रात्र जागून सूत्र पुन्हा तपासतो. सूत्र बरोबरच असते. तो स्वतःलाच मोजायचा राहिलेला असतो.

एक तर तोफ धडावर बसलेली. धड वळले, की तोफही वळणार. पूर्ण वेगात धड एका ठोक्याला ४ अंशांपर्यंत वळते. ४०० ठिपके दूर असलेल्या शत्रूपाशी त्याचे २८ ठिपके होतात. आणि शत्रू तर मध्यापासून कडेपर्यंत अवघा १८ ठिपक्यांचा! तोफेला धडाच्या वळण्यातून मोकळी करणारी एक आज्ञा आहे. ती पहिल्याप्रथम लिहावी.

दुसरे असे, की नेम या ठोक्याला धरला तरी तोफ वळून गोळा सुटतो पुढच्या ठोक्याला. तोवर आपण जास्तीत जास्त ८ ठिपके सरकलेले असतो. आडवे पळत असलो, तर गोळ्याची वाटही तेवढीच बाजूला सरते. अठरांतले आठ इथेच गेले! म्हणून नेम धरायचा तो आत्ताच्या जागेवरून नव्हे, तर पुढच्या ठोक्याला आपण जिथे असू तिथून.

मात्र एक ध्यानात ठेवा. धावत्या गाडीतून टाकलेला खडा गाडीचा वेग बरोबर नेतो. या खेळातला गोळा तसा नेत नाही. तेव्हा आपली जागा मोजायची, आपला वेग गोळ्यात मिळवायचा नाही.

तुमचा गोळा हुकत असेल, तर आपला रणगाडा घटकाभर उभा करून पाहा. उभ्याने लागतो आणि पळताना हुकतो, असे दिसले, तर शत्रूचे सूत्र खोडू नका. आधी आपले पाऊल मोजा.