वैमानिकाच्या हृदयाची परीक्षा

धार, देवास वा राजगडकडील मराठी घरातील मुलाने किंवा मुलीने वैमानिक व्हायचे म्हटले, की वडीलधारी मंडळी प्रथम फीचा हिशेब मांडतात. आमचे म्हणणे असे, की आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, मग पैसे भरावेत. या तपासणीत हृदयालेख, म्हणजेच ई.सी.जी., असतोच, आणि घरच्यांना धास्ती वाटते ती त्याचीच.

वस्तुतः भिण्याजोगे त्यात काही नाही. हातापायांना ४ व छातीवर ६ ठिकाणी तारा जोडून काही मिनिटांत आलेख निघतो. शरीरात वीज सोडीत नाहीत; हृदयाचीच वीज नोंदली जाते. ठोक्यांविषयी शंका आल्यास ‘होल्टर’ लावतात. नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाचे १९४० च्या दशकातील यंत्र सुमारे ३८ किलोंचे होते व ते पाठीवर वाहावे लागे. आज ते खिशात मावते. २४ तास ते अंगावर असते. तेवढा वेळ सहसा स्नान वर्ज्य (घरच्या आजींना हे आधीच सांगून ठेवावे!), परंतु चालणे, जिने चढणे नित्याप्रमाणे चालू ठेवावे, नुसते पडून राहिल्यास नोंदीचा उपयोग तो काय? धडधड जाणवल्यास वेळ टिपावी.

श्वासाबरोबर ठोक्यांची गती बदलणे तारुण्यात स्वाभाविक असते. एखादा जादा ठोका निरोगी माणसातही आढळतो. तेव्हा आलेखातील प्रत्येक वेगळेपणा म्हणजे अपात्रता नव्हे. मात्र पूर्वी शुद्ध हरपली असेल, घराण्यात कोणी तरुणपणी अकस्मात गेले असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. सोयरिकीच्या बोलण्यात अशा गोष्टी झाकण्याची आपल्याकडे खोड आहे. येथे ती प्रवाशांच्या जिवावर बेतेल. पहिला आलेख जपून ठेवावा. पुढील तपासण्यांत तो तुलनेस उपयोगी पडतो.