पाटी आपली, पण कागद कुठे आहे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलची बारा तारीख होती. आमच्या वस्तीतल्या पोरांनी घरटी वर्गणी काढून जयंतीचा फ्लेक्स छापून आणला आणि नाक्यावर बांबू रोवून रात्री दोन वाजेपर्यंत जागून तो उभा केला. तेरा तारखेला सकाळी पाहतो तर नुसते बांबू उभे! फ्लेक्स संबंधित कार्यालयाच्या गाडीत गुंडाळून गेलेला. त्याच नाक्यावर एका साहेबांच्या वाढदिवसाचा फलक महिनाभर उन्हात फिका पडत उभा होता. त्याला कोणी हात लावला नव्हता.

पोरं चिडली. मोर्चा न्यायचा म्हणू लागली. मी कारकून माणूस. मी म्हटलं, आधी विचारून येतो. टेबलामागच्या गृहस्थांनी मला एकच प्रश्न केला, "परवानगीचा कागद आहे का?" नव्हता. "मग त्या वाढदिवसवाल्यांचा आहे का?" असं मी विचारलं. त्यांनी फाईल उघडली नाही, चहा मात्र मागवला.

अन्याय होताच. पण भांडायला उभं राहायचं तर आपल्या हातात काय आहे, हे त्या दिवशी मला कळलं. काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी मार्चमध्येच अर्ज दिला. जागा, आकार, किती दिवस ठेवणार हे त्यात लिहिलं, आवक शिक्क्याची पोच घेतली, फी भरली. पावतीचा क्रमांक आणि मुदत फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापूनच घेतली. त्या वर्षी कोणी फिरकलं नाही. मुदत संपली त्या संध्याकाळी फ्लेक्स आम्हीच उतरवला. आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला की, या नाक्यावर वर्षभरात कुणाकुणाच्या फलकाला परवानगी दिली? उत्तर आलं. त्यात आमचं नाव होतं, वाढदिवसाच्या साहेबांचं नव्हतं.

तेव्हापासून पाटी, फलक, बॅनर, कमान असा विषय निघाला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली आपली माणसं माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

जागा कुणाची, ते आधी बघा

पहिली चूक इथेच होते. शहापूर आणि मुरबाड ही दोन्ही तालुक्याची गावं २०१५ पर्यंत ग्रामपंचायती होती. त्या साली तिथे नगरपंचायती झाल्या. जुनी माणसं अजून सरपंचाकडे आणि ग्रामसेवकाकडे जायचं म्हणतात, पण शहराच्या हद्दीत आता अर्ज द्यायचा तो नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. हद्द मात्र नीट पाहा. आसनगाव स्टेशनला उतरणाऱ्याला सगळं शहापूरच वाटतं, पण आसनगावची ग्रामपंचायत वेगळी. वासिंद, खर्डी, किन्हवली, डोळखांब, तिकडे सरळगाव, धसई, टोकावडे, म्हसा इथे ग्रामपंचायत. ग्रामसेवकाचं पद २०२४ च्या शासन निर्णयानंतर 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं आहे. पाटी वेगळी झाली, टेबल तेच.

पण गावातल्या प्रत्येक जागेची मालक ग्रामपंचायत नसते. मुंबई-आग्रा महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो आणि कल्याणहून माळशेजकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग मुरबाडमधून. या रस्त्यांच्या हद्दीतली जमीन महामार्ग प्रशासनाच्या ताब्यात असते आणि २००२ च्या केंद्रीय कायद्याने तिथलं अतिक्रमण हटवण्याचा अधिकार त्यांना आहे. सरपंचांनी तोंडी "लाव रे" म्हटलं म्हणून टपरीची पाटी रस्त्याकडेला रोवली आणि जेसीबी आला, तर सरपंच तिथे येत नाहीत. इतर मोठ्या रस्त्यांच्या कडेला सार्वजनिक बांधकाम विभागाला विचारावं लागतं. मुरबाडच्या एमआयडीसीत महामंडळच नियोजन प्राधिकरण आहे, म्हणून तिथे नगरपंचायतीची पावती दाखवून भागत नाही. विजेचा खांब तर कुणाच्याच परवानगीचा नाही. तो महावितरणचा आहे, आणि लोखंडी चौकट तारेला टेकली तर काय होतं हे सांगायची गरज नसावी. वादळवाऱ्याच्या दिवसांत पोरांना खांबावर चढू देऊ नका.

सार्वजनिक ठिकाणं विद्रूप करण्याविरुद्धचा १९९५ चा राज्याचा कायदाही माहीत असू द्या. लेखी परवानगीशिवाय जाहिरात चिकटवणं किंवा भिंत रंगवणं यासाठी त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या २०११ च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निकाल दिला. फलक कुणाचा, कोणत्या पक्षाचा, कोणत्या जयंतीचा असा भेद कायद्यात नाही. भेद होतो तो कायदा राबवताना, आणि तो दाखवून द्यायचा तर आपली बाजू कोरी असून चालत नाही.

फीबद्दल एक खुलासा. पूर्वी नगरपालिका आणि नगरपंचायती जाहिरात कर घेत. वस्तू व सेवा कर आला तेव्हा घटनादुरुस्तीने जाहिरातीवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार गेला. आता घेतली जाते ती परवाना फी किंवा जागेचं भाडं. म्हणून पैसे देताना छापील पावती मागा आणि पैसे कशाबद्दल घेतले हे तिच्यावर लिहिलं आहे का ते वाचा. बी.कॉम. होऊन जन्मभर पावत्याच तपासत आलो, म्हणून सांगतो, "नंतर देतो" म्हणणारी पावती कधी येत नाही.

दुकानाच्या दारावर

आपल्या कितीतरी भगिनी घराच्या पडवीत शिलाई, ब्यूटी पार्लर, पापड-मसाल्याचं दुकान चालवतात. कुणाचं मोबाईल दुरुस्तीचं, कुणाचं सायकलचं. त्यांना वाटतं, नियम मोठ्यांना. पाटीच्या बाबतीत आता तसं राहिलेलं नाही.

२०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याचा बराचसा भार दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्यांवर होता. त्याखालच्यांनी फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. २०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगार कितीही असोत, दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत लिहिणं सक्तीचं झालं. दुसरी भाषाही लिहिता येते, पण मराठी आधी आली पाहिजे आणि तिची अक्षरं दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत. मुंबईचे किरकोळ व्यापारी याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांची याचिका पंचवीस हजार रुपये खर्चासह फेटाळली गेली. मग ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने, खटल्यावर पैसे घालवण्यापेक्षा पाट्या बदला, अशा अर्थाचं सुनावून दोन महिन्यांची मुदत दिली. मुंबईत महापालिकेने कामगारामागे दोन हजार रुपये दंडाची कारवाई सांगितली. आपल्या भागात हे काम कामगार विभागाकडे आहे. ते नगरपंचायतीच्या फलक परवानगीहून वेगळं आहे, दोन्ही एक समजू नका.

मुंबईच्या व्यापाऱ्यांना खर्चाची अडचण वाटली. आपल्या दुकानांची अडचण निराळीच. आपल्याकडची पाटी बहुतेक वेळा फुकट मिळालेली असते. शीतपेयाचा किंवा मोबाईल सिमचा एजंट येतो, रंगीत चकचकीत बोर्ड लावून देतो. त्यात तीन हिस्से कंपनीचं नाव इंग्रजीत आणि खाली कोपऱ्यात बोटभर आपलं. आपल्याला वाटतं, हजार-दोन हजार वाचले. पण हा बोर्ड दुकानाचं नाव कमी आणि कंपनीची जाहिरात जास्त. मराठीचा नियम मोडला तर जबाब दुकानदाराने द्यायचा, आणि जाहिरातीची फी मागितली तरी तीही त्याच्याच दारात मागतात. एजंटाला सांगा, आमचं नाव वर आणि मोठं, मराठीत, नाहीतर बोर्ड नको. मुरबाडच्या बाजूच्या एका ताईंनी असं सांगितलं, आणि एजंटाने मुकाट्याने नवा बोर्ड करून आणला. त्या म्हणाल्या, "भाऊ, चार वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईक मला नावाने हाक मारायला लागलं."

पाटी शटरच्या वर भिंतीलगत बसवा. ती गटार ओलांडून रस्त्यावर आली की वाद सुरू झालाच. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे, आणि तो आधी कुणाच्या दारात वापरला जातो हे आपल्याला माहीत आहे.

त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आहे. जिथे दारू विकली किंवा पाजली जाते त्या दुकानाला महापुरुषांचं, थोर स्त्रियांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देता येत नाही. महामार्गावर जाता-येता अशी पाटी दिसली तर कामगार विभागाकडे तक्रार लेखी द्या. दगड मारू नका.

माझा चुलतभाऊ पेंटर होता. पत्र्याला प्रायमर मारून, खडूने रेषा आखून तो ऑईल पेंटने अशी अक्षरं काढायचा की लोक थांबून बघत. आमच्या भागातल्या निम्म्या दुकानांची नावं आणि गावोगावच्या समाजमंदिरांच्या पाट्या त्याच्या हातच्या. फ्लेक्स आला आणि त्याचा ब्रश सुकला. पुढे तो गोदामात हमालीला जाऊ लागला. २०२३ च्या दिवाळीआधी मराठी पाट्यांची धावपळ झाली तेव्हा त्याला पुन्हा दोन महिने काम मिळालं. १ जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या, पीव्हीसीच्या बॅनरवर देशभर बंदी आहे. स्वस्तातला पातळ फ्लेक्स छापून घेताना हे विचारून घ्या. जयंतीला कापडी बॅनर रंगवून घेतला तर दरवर्षी तोच वापरता येतो आणि वस्तीतल्याच कुणाच्या तरी हाताला काम मिळतं.

शेतात होर्डिंग येतं तेव्हा

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, सतरा माणसं गेली. ते १२० बाय १२० फुटांचं होतं. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळ किवळ्याला पाच जण असेच गेले. पाऊस आला म्हणून आडोशाला उभी राहिलेली कष्टकरी माणसं.

हे शहरातलं झालं असं म्हणू नका. महामार्गालगतच्या शेतात होर्डिंगसाठी जागा मागणारे आपल्याही दारी येतात. वर्षाला ठरावीक भाडं मिळतं, मोह होतो. पण करारात लिहून घ्या की परवानग्या कंपनीने काढायच्या, सांगाड्याच्या मजबुतीचा दाखला नोंदणीकृत अभियंत्याकडून दरवर्षी आणायचा आणि अपघाताची भरपाई कंपनीची. नाहीतर सातबाऱ्यावर नाव तुमचं आणि पोलीस ठाण्यातही तुमचंच.

ज्यांच्याकडे वतनाची जमीन आहे त्यांनी तर सही करण्याआधी दहा वेळा विचार करावा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात ज्या वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडलं, ती वतनं १९५८ च्या कायद्याने गेली. जमिनी नव्या शर्तीवर मिळाल्या. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलेलं असतं ते यामुळे. अशी जमीन बिगरशेती कामासाठी भाडेपट्ट्याने द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता होर्डिंगवाल्याच्या स्टॅम्प पेपरवर अंगठा दिला तर शर्तभंग होतो आणि जमीनच सरकारजमा होण्याची वेळ येते. भाडं वर्षाचं, जमीन कायमची.

वस्तीच्या नावाची पाटी

शेवटी आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची पाटी. ११ डिसेंबर २०२० च्या सामाजिक न्याय विभागाच्या शासन निर्णयाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची आहेत. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. निर्णय होऊन इतकी वर्षं झाली तरी एसटीतून जाताना जुन्या पाट्या दिसतातच. नुसता रंग फासून किंवा रात्रीतून नवी पाटी रोवून हे होत नाही. ग्रामसभेचा ठराव हवा, त्याची सही-शिक्क्याची नक्कल हवी, आणि मग दप्तरात, घरपट्टीच्या पावतीवर, रेशनकार्डावर ते नाव आलं पाहिजे.

कागदाचा आग्रह मी का धरतो ते सांगतो. सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या बेडग गावात बाबासाहेबांच्या नावाची स्वागत कमान जून २०२३ मध्ये बेकायदा बांधकाम म्हणून पाडली गेली. पुढच्या महिन्यात तिथली आपली कुटुंबं, बायकामुलं, म्हातारीकोतारी, गाव सोडून मंत्रालयाच्या दिशेने पायी निघाली. कागद असला म्हणजे जातीचं मन बदलतं असं मी म्हणत नाही. पण पाडणाऱ्याला 'बेकायदा' हा शब्द फुकट वापरायला मिळू नये.

आमच्या वस्तीचा विषय दोन ग्रामसभांत "वेळेअभावी" पुढे ढकलला गेला. दोन्ही वेळा आमचे पुरुष कामावर आणि बायका मजुरीवर होत्या, सभेत हात वर करायला सातच जण. येत्या सभेसाठी विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा असा अर्ज आम्ही आधीच दिला आहे. त्यावर चाळीस सह्या आहेत, त्यातल्या बावीस बायकांच्या. पोच माझ्याकडे आहे, आणि तिची झेरॉक्स समाजमंदिराच्या आत भिंतीला लावून ठेवली आहे.