मल्टिमीटरची सुरक्षा-श्रेणी आणि गावातील वीजमांडणी

मे महिन्याच्या अखेरीस खानदेशात वळवाचे ढग दाटून आले, की वीजपुरवठ्यातील बिघाडांचे दिवस सुरू होतात. यावल-रावेरकडील केळीच्या बागेत मोटार एकाएकी बंद पडते, साक्री-शिंदखेड्याकडील एखाद्या वस्तीवर एक फेज नाहीशी होते, आणि गावातील कोणी जाणकार मल्टिमीटर घेऊन मीटरच्या पेटीपाशी किंवा विहिरीवरील स्टार्टरपाशी उभा राहतो. विद्युतदाब, विद्युतप्रवाह व रोध ही तिन्ही मापने एकाच साधनाने घेण्याची सोय १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या ॲव्होमीटरने रूढ केली. त्या जड पेटीच्या जागी आता तळहातावर मावणारे, काही शे रुपयांत मिळणारे यंत्र आले आहे. साधन स्वस्त झाले हे चांगलेच झाले. परंतु ते कोणत्या ठिकाणी वापरण्यासाठी बनविले आहे, याचा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो.

घरातील वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. मल्टिमीटरच्या तबकडीवर ६०० किंवा १,००० हा आकडा छापलेला दिसतो. तेव्हा २३० व्होल्ट मोजण्यास तो पुरेसा आहे, असा निष्कर्ष सहजच काढला जातो. हा निष्कर्ष अपुरा आहे. तबकडीवरील आकडा किती दाब मोजता येईल एवढेच सांगतो. वीजवाहिनीवर अधूनमधून येणाऱ्या क्षणिक दाबवाढीविषयी तो काहीही सांगत नाही. वाहिनीजवळ आकाशातील वीज कोसळली, किंवा मोठी मोटार बंद-चालू झाली, की सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापुरता वाहिनीवरील दाब हजारो व्होल्टपर्यंत चढू शकतो.

एवढ्या अल्प काळाच्या दाबाने काय बिघडणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. खरा धोका त्यानंतर सुरू होतो. मल्टिमीटरच्या आत दोन धातूंमधील अंतर पुरेसे नसेल, तर त्या क्षणिक दाबाने तेथे ठिणगी पडते. ठिणगीने तापलेली हवा विजेची वाहक बनते आणि त्या वाटेने नेहमीचा वीजपुरवठाच वाहू लागतो. आता वाहणारा प्रवाह ढगातून आलेला नसून गावातील डीपीवरून, म्हणजे रोहित्रावरून, येत असतो. १०० केव्हीए क्षमतेचे रोहित्र पूर्ण भारावर सुमारे १३३ अँपिअर देते. पण त्याच्या अगदी जवळ शॉर्टसर्किट झाल्यास तेच रोहित्र ३,००० अँपिअरच्या आसपास प्रवाह लोटू शकते. एवढ्या प्रवाहाची ज्वाला हातातील प्लॅस्टिकच्या डबीत पेटली, तर डबी फुटते आणि हात व चेहरा भाजतो.

रोहित्रापासून जसजसे दूर जावे, तसतसा तारांच्या रोधामुळे हा प्रवाह घटत जातो. सुरक्षा-श्रेणींची सारी कल्पना या एका गोष्टीवर उभी आहे. मोजमापाच्या उपकरणांसाठी असलेल्या आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकाने वीजमांडणीचे टप्पे पाडले आहेत. भिंतीवरील सॉकेटला जोडलेली उपकरणे ही दुसरी श्रेणी. घरातील कायम वायरिंग व वितरण-फलक ही तिसरी. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, मीटर आणि मुख्य कटआउट ही चौथी. मल्टिमीटरवर ‘कॅट’ या अक्षरांपुढे रोमन अंकात छापलेली असते ती हीच श्रेणी, आणि तिच्यासोबत व्होल्टचा आकडाही असतो. ‘कॅट एक’ अशी खूण असलेली किंवा कोणतीच खूण नसलेली जुनी यंत्रे घरगुती वीजपुरवठ्यावर वापरू नयेत.

श्रेणी व व्होल्ट दोन्ही एकत्र वाचावे लागतात, आणि येथेच खरेदीदार फसतो. १,००० व्होल्ट श्रेणी दोन आणि ६०० व्होल्ट श्रेणी तीन या दोन यंत्रांतील पहिले अधिक भक्कम वाटते. प्रत्यक्षात दोहोंची चाचणी ६,००० व्होल्टच्याच क्षणिक दाबाने होते. फरक आहे तो चाचणीच्या स्रोतात. श्रेणी दोनसाठी तो १२ ओहमचा, तर श्रेणी तीनसाठी २ ओहमचा धरला जातो. साधा भागाकार केला, तर पहिल्या चाचणीत ५०० आणि दुसऱ्या चाचणीत ३,००० अँपिअरचा प्रवाह शक्य होतो. वितरण-फलकावर दिसायला लहान आकड्याचे यंत्रच योग्य ठरते.

शहरातील बहुमजली इमारतीत मुख्य कटआउट तळमजल्यावर आणि सॉकेट चौथ्या मजल्यावर असतो. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत हे अंतर बहुधा नसतेच. खांबावरून वायर थेट छपराखाली येते, तेथेच मीटर, आणि हातभर अंतरावर पहिला सॉकेट. शेतातील पंपाच्या स्टार्टरलाही उघड्यावरील तारांनीच वीज मिळते. म्हणजे गावातील नित्याचे पुष्कळसे काम वस्तुतः चौथ्या श्रेणीच्या जागी चालते आणि हातात मात्र दुसऱ्या श्रेणीचे यंत्र असते. मीटरपलीकडील तारा वीजवितरण कंपनीच्या असून त्यांना इतरांनी हात लावावयाचा नाही, हे वेगळे सांगावयास नको. तथापि, स्टार्टर उघडून दाब पाहण्याचे काम गावात रोजच होते.

छापील खुणेवर सर्वस्वी विसंबता येत नाही. स्वस्त यंत्रांवर ती कोणीही छापू शकतो. फ्यूज पाहिला म्हणजे बरेच काही कळते. काचेच्या नळीचा बारीक फ्यूज मोठा प्रवाह तोडताना स्वतःच फुटू शकतो. चांगल्या यंत्रात वाळू भरलेला, चिनी मातीच्या वेष्टणाचा फ्यूज असतो. अनेक स्वस्त यंत्रांत १० अँपिअरच्या छिद्राला फ्यूजच नसतो. प्रवाह मोजून झाल्यावर तार त्याच छिद्रात राहिली आणि दाब पाहावयास टोके फेज-न्यूट्रलवर टेकविली, की सरळ शॉर्टसर्किट होते. मोजणीच्या तारांचीही स्वतःची श्रेणी असते, आणि यंत्र व तारा यांपैकी जी श्रेणी खालची तीच दोहोंची मानावी लागते. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीच्या टोकांचा उघडा धातू ४ मिलिमीटरहून अधिक नसतो.

‘वीज नाही’ असे यंत्राने दाखविले, तरी आधी ते चालू असलेल्या सॉकेटवर तपासावे, मग संशयित जागी लावावे आणि पुन्हा त्या सॉकेटवर तपासावे. मधल्या वेळात यंत्राची तार तुटली असल्यास ते शून्यच दाखवील.

ग्रामपंचायतींनी पाणीपुरवठा व दिवाबत्तीच्या कर्मचाऱ्यांसाठी दरपत्रके मागविताना ‘डिजिटल मल्टिमीटर, एक नग’ एवढेच न लिहिता ‘६०० व्होल्ट, श्रेणी चार, त्याच श्रेणीच्या तारांसह, स्वतंत्र प्रयोगशाळेच्या चाचणी-प्रमाणपत्रासह’ असे लिहावे. किंमत कित्येक पटींनी वाढेल, पण असे यंत्र गावाला एकच लागते. हाती असलेली स्वस्त यंत्रे फेकून देण्याचे कारण नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत कोरडे घट, बल्ब आणि रोध मोजण्यास ती उत्तम आहेत. मात्र ‘फक्त बॅटरीसाठी’ अशी ठळक चिठ्ठी त्यांवर चिकटवावी, आणि ती विहिरीवर नेण्यासाठी कोणी मागावयास आल्यास देऊ नयेत.