डोंगर आड येत नाही, झाड येतं : जव्हार-मोखाड्यात गाडीसोबतची डिश

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे 'म्हणजे', 'अं' झालं ते काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय जरा वेगळा आहे. गाडीत राहून फिरताना सोबत नेलेली डिश अँटेना कशी लावायची? तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना डिश कशाला? मीही तेच म्हणत होतो. पण बाबांची अट होती. ते एसटीत चालक होते, जव्हारचा घाट त्यांनी कित्येक वर्षं चालवलाय. निवृत्तीनंतर तो रस्ता पुन्हा बघायचा होता, गाडीत झोपायलाही तयार होते, पण सह्याद्री वाहिनीच्या सातच्या बातम्या चुकवणार नव्हते.

मग मित्राची कॅम्पर व्हॅन घेतली. सोबत एक छोटा टीव्ही, डीडी फ्री डिशचा सेट टॉप बॉक्स, ६० सेंटीमीटरची डिश आणि दहा मीटर केबल. फ्री डिश घेण्याचं कारण सोपं आहे. ही दूरदर्शनची सेवा २००४ पासून चालू आहे आणि तिला महिन्याचं रिचार्ज नाही. बॉक्स आणि डिश एकदा घेतली की झालं.

नोव्हेंबरचा मध्य होता. भिवंडी, वाडा, विक्रमगड करत जव्हारला पोचलो, तिथून मोखाड्याकडे निघालो आणि खोडाळ्याच्या अलीकडे एका पाड्याजवळ विचारून गाडी लावली. समोर दरी, मागे डोंगर, फोटो एकदम भारी. फोनला मात्र एक काडीसुद्धा नाही.

माझ्या तीन चुका

पहिली चूक : डिश कुठे वळवायची ते दाखवणारं अ‍ॅप मी घेतलं होतं, पण ते नेटवरून नकाशा उघडायचं. नेटच नाही, तर नकाशा कुठला!

दुसरी चूक : मी डिश गाडीच्या टपावर बांधली. उंच असेल तितकं बरं, असं वाटलं. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर एकदाचं चित्र आलं आणि बाबा आत कुशीवर वळले. चित्र गोठलं. ते पुन्हा सरळ झाले, चित्र आलं. हिशोब करा ना. ६० सेंटीमीटरच्या डिशची एक कड दुसऱ्या कडेपेक्षा फक्त एक सेंटीमीटर पुढे सरकली, की डिश एक अंश फिरली. एवढ्या डिशला दोन अंशांची चूकसुद्धा झेपत नाही. स्प्रिंगवर उभी असलेली गाडी तर माणूस चढला-उतरला की हलते. म्हणून डिश कायम जमिनीवर लावायची, गाडीपासून वेगळी.

तिसरी चूक : डिश खाली उतरवली आणि गाडीच्या सावलीत, आंब्याच्या झाडाखाली उभी केली. मग काहीच येईना. मी डोंगराला दोष देत बसलो.

"डोंगर नाही दादा, झाड"

पाड्यातली एक मुलगी बराच वेळ बघत होती. बारा वर्षांची असेल, सहावीत शिकते. शेवटी तिला राहवलं नाही. म्हणाली, "डोंगर नाही दादा, झाड आडवं येतंय."

ती बरोबर होती. का, ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

मोबाइलचा टॉवर जमिनीवर असतो. त्याचा सिग्नल आपल्याकडे आडवा येतो, म्हणून मध्ये डोंगर आला की खेळ संपला. मोखाड्याच्या दऱ्यांमध्ये नेमकं हेच होतं. उपग्रह मात्र वर असतो. फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो २०१५ साली सोडला, आणि विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे आपल्याला तो एका जागी थांबलेला वाटतो. जव्हार-मोखाड्यातून तो आग्नेयेला दिसतो, म्हणजे उत्तरेपासून उजवीकडे मोजत गेलं तर साधारण १३३ अंशांवर, आणि क्षितिजापासून तब्बल ५७ अंश वर.

५७ अंश म्हणजे किती? हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे अंदाजे दहा अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत गेलात, की जवळजवळ सहा मुठी होतात. इतक्या वर समोरचा डोंगर सहसा पोचतच नाही. डोक्यावरची फांदी मात्र पोचते. आग्नेयेला झाड असेल तर ते जेवढं उंच, निदान तेवढ्या अंतरावर डिश ठेवा, मग काळजी नाही.

म्हणून गाडी लावताना फोटो कुठून चांगला येतो ते नंतर बघा. आधी आग्नेयेचं आकाश मोकळं आहे का ते बघा.

लावायची कशी?

आम्ही डिश उघड्यावर नेली आणि पुढचं तिनेच करून दाखवलं.

आधी खांब सरळ करायचा. तिने सुतळीला पाना बांधून ओळंबा केला आणि ट्रायपॉडचा खांब दोन बाजूंनी तपासला. पायाखाली चपटे दगड सरकवले, पायांवर वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या बांधल्या. खांब तिरका असेल तर डिश बाजूला फिरवताना तिची उंचीही बदलत जाते, आणि मग आपण रात्रभर शोधत बसतो.

मग उंची. डिशच्या मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतात, तिथे ५७ वर बोल्ट अर्धवट आवळायचा. डिश बघून वाटेल, ही तर ५७ अंश वर बघतच नाहीये! ते बरोबरच आहे. या डिशची एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असते, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा बरंच वरचं आकाश बघत असते. डोळ्यांवर नको, पट्टीवर विश्वास ठेवा.

मग दिशा. फोनमधलं होकायंत्र नेटशिवाय चालतं. फक्त गाडीच्या पत्र्यापासून पाच-सहा पावलं लांब उभं राहायचं, नाहीतर ते भलतंच दाखवतं. १३३ च्या रेषेत लांबचा एखादा दगड किंवा झाड हेरून डिश तिकडे वळवायची.

आता खरं काम. बॉक्सच्या सेटिंगमध्ये दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ दिसली म्हणजे केबल आणि एलएनबी जिवंत आहेत, एवढंच. डिश भलतीकडे असली तरी ती दिसते. मी अर्धा तास तिच्यावरच खूश होतो. योग्य उपग्रह सापडला की क्वालिटी वर चढते.

मी डिश भराभरा फिरवत होतो. ती म्हणाली, "हळू, दादा. त्याला बघायला वेळ द्या." बॉक्सला सिग्नल ओळखायला काही सेकंद लागतात. डिशची कड बोटभर सरकवायची, तीन-चार सेकंद थांबायचं, पट्टी बघायची, पुन्हा सरकवायची. क्वालिटी दिसली की उंची किंचित वर-खाली करून बघायची, मग एलएनबी तिच्या पकडीत हळूहळू गोल फिरवून बघायची. पट्टी जिथे सगळ्यात जास्त, तिथे बोल्ट आवळायचे. दोन्ही बाजूंचे थोडे-थोडे, आलटून पालटून, नाहीतर आवळतानाच डिश सरकते.

सातला पाच कमी असताना चित्र आलं. बाबांनी तिला शाबासकी दिली.

आता लाव

तेवढ्यात तिचे वडील आले. त्यांनी चित्र बघितलं, मग पाना उचलला, आमच्या डिशचा बोल्ट सैल केला आणि डिश पार उत्तरेला फिरवून टाकली. मुलीला म्हणाले, "आता लाव. एकटीनं."

मी बघतच राहिलो. बाबाही, कारण बातम्या सुरू होत होत्या. वडील म्हणाले, "माफ करा काका. आमची डिश बांधून ठेवलीय, तिच्यावर शिकवता येत नाही."

हे कुटुंब दरवर्षी दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातं. भांडी, गोधड्या आणि डिश, सगळं टेम्पोत. भट्टीवर पोचलं की पहिल्या रविवारी डिश लागते. मुलीची शाळा त्यात दरवर्षी अर्धी बुडायची. यंदा ती आजीपाशी गावातच राहणार आहे, आणि डिशही. तिच्यावर शाळेच्या अभ्यासाच्या सरकारी वाहिन्याही लागतात. मी विचारलं, मग तुम्हाला तिकडे टीव्ही? "आम्ही दोघंच असणार. थकून झोपायचं. इथं वाऱ्यानं डिश फिरली, तर हिला लावता आली पाहिजे. आजीला जमायचं नाही."

मुलीने पुन्हा ओळंबा धरला. या वेळी होकायंत्र घेतलं नाही, मघाशी हेरलेला दगडच धरला. कोणी काही बोललं नाही. चित्र आलं तेव्हा बातम्या अर्ध्या झाल्या होत्या. वडिलांनी एकेक बोल्ट हाताने दाबून तपासला आणि मान हलवली. बाबा म्हणाले, "हेडलाइन्स शेवटी पुन्हा सांगतात."

सूर्याची खूण

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आणखी एक युक्ती दाखवली. तिच्या वडिलांच्या डिशच्या पट्टीवर ऑइल पेंटची एक रेघ आहे. तीच रेघ गावात चालते आणि तीच भिवंडीला. मी नंतर गणित करून बघितलं. जव्हार आणि भिवंडी यांच्यात उंचीचा फरक अर्ध्या अंशाहून कमी, दिशेचा जेमतेम एका अंशाचा. माणसाला टेम्पोत बसून जावं लागतं, घर सोडावं लागतं. उपग्रहाच्या हिशोबात ती दोन्ही ठिकाणं एकच.

आणि दिशा? तेव्हा पावणेदहा वाजले होते. तिने डिशचं तोंड सूर्याच्या बाजूला केलं, म्हणाली, "या वेळेला तो तिथंच असतो." हेही जुळतं. नोव्हेंबरच्या मध्यात पावणेदहाला आणि जानेवारीच्या मध्यात दहाच्या सुमाराला सूर्य या भागातून बरोबर त्याच दिशेला असतो. फक्त उंचीने बराच खाली, म्हणून उंची पट्टीवरूनच घ्यायची.

१९७५ साली भारतात उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला, 'साइट' नावाचा. तेव्हा सुमारे २४०० गावांत तारेच्या जाळीच्या तीन-तीन मीटरच्या डिश उभ्या केल्या होत्या. आज तेच काम सहावीतली मुलगी एकटी करते.

निघण्याआधी

पाना, सुतळी, जास्तीचे दोन केबल कनेक्टर आणि चिकटपट्टी सोबत ठेवा. कनेक्टरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून केबलला एलएनबीच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब तिथून खाली पडतो. जव्हारच्या जोरदार पावसात चित्र जाणारच, तेव्हा डिश हलवू नका, सर ओसरली की चित्र आपोआप येतं. विजा चमकायला लागल्या तर मात्र केबल काढून ठेवा.

आणि कुणाच्या पाड्याजवळ गाडी लावलीत, तर आधी विचारा. जागेबद्दल तर विचाराच, डिशबद्दलही विचारा. तिथे कुणाला तरी तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर आग्नेयेला लक्ष असू द्या!